हुबळीची संते

पुणे–बंगळूर महामार्गाने दक्षिणेकडे निघालेला मराठी प्रवासी हुबळीस उतरतो तो बहुधा दुसरी गाडी पकडण्यासाठी. कोणाला कारवारकडे जावयाचे असते, कोणाला शिरसीकडे, कोणाला हंपीकडे. गोकुळ रोडवरील नव्या बसस्थानकात त्याला दोन-तीन तास काढावयाचे असतात, आणि ते तो फलाटावरच्या बाकावर बसून, वर्तमानपत्राची तीच पाने पुनःपुन्हा उलटीत काढतो. हुबळीबद्दल त्याला विचारले तर तो सांगेल, की स्टेशनाचा फलाट जगात सर्वांत लांब आहे. हे खरे आहे; सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या त्या फलाटाचे उद्घाटन मार्च २०२३ मध्ये झाले. परंतु फलाट लांब असला म्हणजे गाव कळले असे होत नाही. गाव कळावयाचे असेल तर हातात एक कापडी पिशवी घेऊन बाजाराची वाट धरावी.

बाजाराला कानडीत ‘संते’ म्हणतात. मराठी माणसाच्या कानाला हा शब्द प्रथम चकवतो, कारण आपल्याकडील संत बाजारात बसत नाहीत. संते म्हणजे आपला आठवड्याचा बाजार. मोठ्या शहरात तो एकाच ठिकाणी भरत नाही. वेगवेगळ्या पेठांत आणि वसाहतींत वेगवेगळ्या वारी भाजीवाले बसतात, आणि त्यांशिवाय रोजचे बाजार चालू असतातच. खुद्द गोकुळ रोड हा हुबळीचा नवा भाग. पश्चिमेकडील गोकुळ नावाच्या खेड्याकडे जाणारी ही वाट. आता तिच्यावर बसस्थानक आहे, वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाची मुख्य कचेरी आहे आणि पुढे विमानतळही आहे. तरीही संध्याकाळी रस्त्याच्या कडेला पोते अंथरून मेथीच्या जुड्या मांडणारी बाई या नव्या रस्त्यावरही दिसते. ती कोठून आली, काय घेऊन आली आणि तिचा व्यवहार कसा चालतो, हे समजले तर पुढचा सारा बाजार समजावयास कठीण जात नाही.

प्रथम जागेची गोष्ट. जुन्या बाजारात जावयाचे तर ‘दुर्गद बैल’ म्हणावे. येथे बैलाचा काही संबंध नाही. दुर्ग म्हणजे किल्ला आणि ‘बैलु’ म्हणजे मोकळे मैदान. किल्ल्यापुढचे पटांगण, एवढाच त्याचा अर्थ. अठराव्या शतकात, सावनूरच्या नबाबाच्या अमदानीत, बसप्पा शेट्टर नावाच्या व्यापाऱ्याने या किल्ल्याभोवती नवी हुबळी वसविली, असे इतिहास सांगतो. पण बाजारपेठ म्हणून हुबळीचे नाव त्याच्याही पूर्वीचे. इंग्रज कंपनीची येथे वखार होती. १६७३ मध्ये मराठ्यांच्या फौजेने हुबळी लुटली, तेव्हा त्या वखारीतील मालही गेला, आणि त्या नुकसानभरपाईची मागणी कंपनीने पुढे बराच काळ लावून धरली. आज त्याच गावात मराठी प्रवासी पाव किलो मिरचीसाठी घासाघीस करतो, ही इतिहासाची गंमत म्हणावयाची. किल्ला आता राहिला नाही. पटांगण मात्र बाजाराने धरून ठेवले आहे. दिवसा तेथे खरेदी चालते आणि दिवे लागले की खाण्याच्या गाड्या लागतात.

हुबळीच्या बाजारात एवढी विविधता का, याचे उत्तर भूगोलात आहे. धारवाड जिल्हा हा मलनाड आणि पठार यांच्या सीमेवर पसरला आहे. पश्चिमेस कलघटगीकडे जावे तर पाऊस भरपूर, झाडी दाट आणि शेतात भात. पूर्वेस नवलगुंद-अण्णिगेरीकडे जावे तर पाऊस बेताचा, जमीन काळी कसदार, आणि शेतात ज्वारी, कापूस, हरभरा, गहू, मिरची. दोन्हींकडे जावयास हुबळीपासून पस्तीस-चाळीस किलोमीटरांहून अधिक अंतर कापावे लागत नाही. म्हणून एकाच रांगेत एका टोपलीत भाताच्या मुलखातील केळफूल असते आणि शेजारच्या टोपलीत काळ्या मातीतला हिरवा हरभरा. त्यातच कारवार-अंकोल्याकडून घाट चढून येणारे नारळ, आमसुले आणि सुकी मासळी यांची भर पडते. रेल्वेच्या नोकरीनिमित्त हुबळीत स्थायिक झालेल्या गोवेकर ख्रिस्ती कुटुंबांना ही सुकी मासळी जीव की प्राण. उपवासकाळात, मांस वर्ज्य असलेल्या शुक्रवारी, तिचा शोध अधिकच आस्थेने घेतला जातो.

भाज्यांच्या रांगेत मराठी माणूस गोंधळतो तो नावांमुळे. वस्तू बहुतेक ओळखीच्याच असतात. ‘पुंडी’ म्हणजे आपली अंबाडी. ‘हक्करकी’ म्हणजे पाथरीची रानभाजी. ती कच्चीच, भाकरीबरोबर, कांद्याच्या संगतीने खावयाची. ‘उळ्ळागड्डी’ म्हणजे कांदा, ‘बदनिकाई’ म्हणजे वांगे, ‘सवतीकाई’ म्हणजे काकडी. काही शब्दांपाशी तर दुभाष्याची गरजच उरत नाही. आपले चुरमुरे तेथे चुरमुरी होतात, फुटाण्यांची पुटाणी होते, शेंगा शेंगाच राहतात, कोथिंबिरीची कोत्तंबरी होते आणि तुपाचे तुप्प. यातले कोणी कोणाकडून घेतले हा वाद भाषापंडितांनी घालावा. बाजारात त्यावाचून कोणाचे अडत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा मुंबई राज्यात होता, आणि मराठी-कानडीची ही सरमिसळ त्याहूनही कितीतरी जुनी आहे. कानडीचे थोर कवी द. रा. बेंद्रे यांची मातृभाषा मराठी होती, आणि मराठीचे कथाकार जी. ए. कुलकर्णी यांनी आयुष्याची बरीच वर्षे धारवाडात शिकविण्यात घालविली. तेव्हा भाषा येत नाही म्हणून बाजाराबाहेर उभे राहणे हा केवळ संकोच होय. ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘बेकु’ म्हणजे हवे, ‘ब्याड’ म्हणजे नको, ‘साकु’ म्हणजे पुरे. एवढ्या चार शब्दांवर पिशवी भरते. बाईला ‘अक्का’ म्हणावे, म्हातारीला ‘अज्जी’ म्हणावे. ‘ए बाई’ असे कोणी हाक मारू नये. हाक कोणत्याही भाषेत असली तरी तिच्यातला सूर ओळखू येतो.

या बाजारात शिकून घ्यावा असा आणखी एक शब्द आहे, तो म्हणजे ‘जवारी’. कोल्हापूरकडील श्रोत्यांना तो परका नाही. जवारी म्हणजे गावठी, मूळच्या वाणाचे. जवारी वांगे लहान, काटेरी देठाचे आणि बियांचे असते. संकरित वांगे मोठे, चकचकीत, एकसारखे. तेलात भरून शिजविण्याच्या ‘एण्णगाई’साठी तेथील गृहिणी जवारी वांगेच मागते, कारण ते मसाला पितेही आणि आकारही सोडीत नाही. विकणाराही ओरडून सांगतो, ‘जवारी, जवारी!’ अर्थात सांगितले म्हणजे ते खरे असतेच असे नाही. ओळखण्याची खूण अशी, की गावठी मालाचे नग एकसारखे नसतात. ढिगातील दहाही काकड्या जुळ्या बहिणींसारख्या दिसू लागल्या तर त्या जवारी नव्हेत.

हा केवळ चवीचा प्रश्न नाही. संकरित बी दर हंगामी विकत घ्यावे लागते. जवारी बी शेतकऱ्याच्या घरी, राखेत घोळून, मडक्यात ठेवलेले असते, आणि ते ठेवण्याचे काम बहुधा घरातील स्त्रीचे. गिऱ्हाईक एकसारख्या, चकचकीत मालालाच हात घालू लागले की ते मडके रिकामे होते, आणि एकदा रिकामे झालेले मडके दुकानातून भरून आणता येत नाही. हुबळीजवळच्या कुंदगोळ तालुक्यात तीर्थ नावाचे लहान गाव आहे. (कुंदगोळ म्हटले की मराठी माणसाला सवाई गंधर्व आणि त्यांच्यापाशी शिकणारे भीमसेन जोशी आठवतात, येथे गोष्ट बियाण्यांची आहे.) तीर्थ येथील बीबी फातिमा महिला बचत गटाने राळे, सावा अशा भरडधान्यांचे जुने वाण गोळा करून, त्यांची बीज-पेढी उभारून, ते पुन्हा शेतांत नेले. या कामाबद्दल त्या गटाला २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. संतेत ‘नवणी’ म्हणून राळ्यांची रास दिसली तर तिच्यामागे असे कोणाचे तरी कष्ट आहेत, हे ध्यानात असावे.

धान्याच्या रांगेत ज्वारी अर्थातच राणी. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात मालदांडी वाणातून निवडलेली ज्वारी सीमेच्या दोन्ही बाजूंना रब्बीत पेरली जाते, तेव्हा त्या राशीपुढे मराठी माणसाला घरीच आल्यासारखे वाटते. मात्र भाकरी तेथे निराळी होते. ती पापडासारखी पातळ थापून, भाजून, वाळवून कडक करतात आणि तिच्या चवडीच्या चवडी बाजारात विकावयास येतात. ही ‘खडक रोट्टी’ कोरडी ठेवली तर कित्येक दिवस टिकते, म्हणून प्रवाशाने घरी नेण्यासाठी याहून सोयीची वस्तू नाही. तिच्याबरोबर शेंगदाण्याची, कारळ्याची आणि जवसाची कोरडी चटणी घ्यावी. कारळ्याला तेथे ‘गुरेळ्ळु’ म्हणतात आणि जवसाला ‘अगसी’. धारवाडचा पेढा बाजारात मागू नये. तो दुकानातला जिन्नस आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तरेतील उन्नावकडून आलेल्या ठाकूर कुटुंबाने तो धारवाडात आणला, आणि आता त्याला भौगोलिक निर्देशनाची मान्यताही आहे.

मिरचीपाशी मात्र थांबावे. हावेरीजवळच्या ब्याडगी गावाची मिरची आपल्याकडे मसाल्याच्या दिवसांत घरोघर येते. ब्याडगी रंगासाठी आणि लवंगी तिखटासाठी, हा हिशेब मराठी गृहिणीला पाठ असतो. ब्याडगीला २०११ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. तिच्यात रंगद्रव्य भरपूर आणि तिखटपणा बेताचा. म्हणून तिचा अर्क काढून तो खाद्यपदार्थांना, इतकेच नव्हे तर ओठांना लावावयाच्या लालीलाही रंग देण्यासाठी वापरतात. तिच्यात दोन प्रकार: ‘कड्डी’ म्हणजे काडीसारखी लांब आणि ‘डब्बी’ म्हणजे आखूड व फुगीर. सालीवर सुरकुत्या, रंग गडद, वास गोडसर, हे अस्सल मिरचीचे लक्षण. हाताला ओलसर लागणारी मिरची घेऊ नये. तिचे वजन पाण्याचे असते आणि पुढे ती बुरशी धरते. नवा माल जानेवारीपासून येऊ लागतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. त्या दिवसांत मिरचीच्या रांगेतून शिंकल्यावाचून जाणारा मनुष्य तेथलाच रहिवासी समजावा.

आता व्यवहाराचे पाहू. भाजी विकण्याच्या दोन रीती आहेत, आणि घासाघीस दोहोंत वेगळी चालते. तराजू असेल तेथे वजन ठरलेले आणि भाव हलणारा. परंतु खेड्यातून आलेली बाई बहुधा तराजू ठेवीत नाही. ती वाटे मांडते. चार वांग्यांचा वाटा दहा किंवा वीस रुपयांना. येथे भाव हलत नाही, कारण सुटे पैसे कोणाजवळच नसतात. हलते ते माप. ‘पंधराला दे’ असे म्हणणाऱ्याला ती नकार देते. पण ‘आणखी एक घाल’ म्हणणाऱ्याला एक वांगे वर मिळते. या वरच्या मापाला कानडीत ‘कोसरु’ म्हणतात. कोसरु मागणे हा गिऱ्हाइकाचा हक्क आणि तो नाखुशीचा आव आणून देणे हा विकणारीचा. फुले मात्र हाताने मोजतात. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंतचे माप ते ‘मोळ’ आणि दोन्ही हात पसरल्यावरचे ते ‘मारु’. उंच माणसाकडून फुले घ्यावीत हे व्यावहारिक शहाणपण कोणीही सांगेल. पण माळ मोजणारी सहसा ठेंगणीच असते.

विकणारीही दोन जातींच्या. एक स्वतःच्या शेतातले आणणारी. तिच्यापुढे दोन-तीनच जिन्नस असतात, मुळांना माती असते आणि माल संपला की ती उठते. दुसरी पहाटे अमरगोळच्या कृषिबाजाराच्या आवारातून किंवा घाऊक दलालाकडून माल उचलून आणणारी; तिच्यापुढे बटाट्यापासून गाजरापर्यंत दहा प्रकार असतात. हिला फसवी समजण्याची चूक शहरी माणूस करतो. वास्तविक जोखीम अधिक तिचीच. माल घेण्यास तिच्याजवळ भांडवल नसते. सकाळी नऊशे रुपये हातात घ्यावयाचे आणि संध्याकाळी हजार फेडावयाचे, असा व्यवहार भारतातील अनेक शहरांच्या भाजीबाजारांत चालत आला आहे. एका दिवसाला शंभर रुपये! त्या सावकारीचे वार्षिक व्याज काढावयास बसलो तर गणिताच्या वहीत आकडे मावणार नाहीत. २०२० च्या टाळेबंदीत हे चक्रच थांबले, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने पथविक्रेत्यांसाठी स्वनिधी योजना काढून प्रारंभी दहा हजार रुपयांपर्यंत भांडवली कर्जाची सोय केली. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्यातील स्त्रियांना साध्या सरकारी बसगाड्यांतून विनातिकीट प्रवास मिळू लागला. टोपली घेऊन खेड्यातून येणाऱ्या बाईचे जाण्यायेण्याचे भाडे वाचले, म्हणजे तिच्या दृष्टीने दोन वाट्यांचा नफा प्रवासाआधीच पदरी पडला.

तिला सर्वांत मोठी धास्ती असते ती जागेची. रस्ता रुंद झाला, उड्डाणपूल आला, नवी इमारत उभी राहिली, की पहिले उठविले जाते ते पोते अंथरून बसलेल्या माणसाला. हुबळी-धारवाडची ‘स्मार्ट सिटी’ योजनेत निवड झाल्यानंतर जुन्या बाजारांच्या जागी नव्या बांधणीचे गाळे उभारण्याची कामे निघाली. छप्पर, पाणी, मोरी यांची सोय झाली तर कोणाला नको आहे? पण गाळा हा ज्याचे नाव यादीत असेल त्याला मिळतो, आणि आठवड्यातून एकदा दोन टोपल्या घेऊन येणारी कुंदगोळची शेतकरीण कोणत्याच यादीत नसते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने काही संरक्षण दिले आहे. विक्रेत्यांची मोजणी झाल्यावाचून कोणाला हुसकावता येत नाही. नगर विक्री समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडलेले असावे लागतात व त्यांत एक-तृतीयांश स्त्रिया. आणि पन्नास वर्षांहून जुना असा स्वाभाविक बाजार हा वारसा-बाजार मानून तेथील विक्रेत्यांना हलवू नये, असेही त्यात म्हटले आहे. कायदा चांगला आहे. तो पोत्यापर्यंत पोचण्यास किती वेळ लागतो, हा निराळा प्रश्न.

सणांपूर्वीची संते पाहावयास मिळाली तर ती चुकवू नये. मार्गशीर्ष अमावास्येस उत्तर कर्नाटकातील शेतकरी कुटुंबे उभ्या रब्बी पिकाची पूजा करून शेतातच जेवतात. हीच लातूर-सोलापूरकडील ‘येळवस’. कानडी ‘एळ्ळु अमावास्या’ म्हणजे तिळाची अमावास्या, त्यावरून आपला शब्द झाला. आदल्या बाजारात बाजरी, तीळ, हिरवा हरभरा, गाजरे, पाथरी यांचे ढीग लागतात आणि घासाघीस जवळजवळ बंद होते. शेतातल्या लक्ष्मीसाठी घेतलेल्या जिनसावर रुपया कमी करणे कोणाच्या जिभेवर येत नाही. मे महिन्यात धारवाडचा हापूस येतो. कोकणातील श्रोत्यांची माफी मागून सांगावयाचे, तर तो वाईट नसतो.

इतके फिरल्यावर भूक लागतेच. त्यासाठी गिरमिट आहे. चुरमुऱ्यांत चिंच-गुळाचे पाणी आणि हळदीची कांद्याची फोडणी कालवून, वर फुटाण्याची पूड, कच्चा कांदा आणि कोथिंबीर भुरभुरून ते देतात. सोबत मिरचीची भजी. आपल्या भेळेची ही बहीण, पण थोडी ओलसर आणि सौम्य. परगावच्या पोटाने एवढे पथ्य पाळावे, की भजी कढईतून उतरताना घ्यावी, गिरमिट आपल्यासमोर कालवून घ्यावे, कापून ठेवलेली फळे टाळावीत आणि पाणी स्वतःचे प्यावे. गिरमिट थांबून राहत नाही. चुरमुरे नरम पडले की त्याची गंमत गेली. म्हणून ते बांधून घेऊन गाडीत खाण्याचा बेत करू नये.

दिवेलागणीनंतर भाव उतरू लागतात. पालेभाजी दुसऱ्या दिवशी विकता येत नाही आणि टोपलीला शीतगृह नसते. तेव्हा दुपारी वीसची असलेली मेथीची जोडी आठच्या सुमारास दहाला मिळते. हुबळीतील बेताच्या मिळकतीची कुटुंबे नेमकी याच वेळी बाजारात येतात, आणि त्यांचा तो हिशेब योग्यच आहे. दुपारी आलेल्या प्रवाशाने मात्र पहिल्या विक्रीला, म्हणजे ‘बोणी’ला, फार ताणू नये. आपल्याकडे जिला भवानी म्हणतात तीच ही. बोणी करणाऱ्याचे पैसे ती बाई कपाळाला लावते आणि कोसरु न मागता देते. मग ती टोपलीचे फडके सारते, उरलेल्या जुड्यांवर पाणी शिंपडते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक घालते. गोकुळ रोडवरील स्थानकाकडे परतणाऱ्या शहरगाडीत रात्री तशाच काही बाया भेटतात. रिकाम्या टोपल्या एकीत एक बसवून मांडीवर घेतलेल्या, आणि कनवटीच्या नोटा दिव्याखाली दुसऱ्यांदा मोजणाऱ्या.